झाड ठेवा, देठ काढा

दादर, मुंबई
७ जून

चि. मनू हीस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर विचारलंस, "बाबा, एल्डरचं काय करू? केदार म्हणतोय, एकदाचं तोडून टाकू." आई शेजारी बसून शेवळं, पावसाच्या तोंडावरची ती रानभाजी, साफ करत होती. तिला एवढंच ऐकू आलं. तिने सुरी खाली ठेवली आणि खुणेनं मला विचारलं, "सासरे आलेत का तिच्याकडे?" झाडाचं चाललंय हे तिला समजावेपर्यंत तुझ्या धाकटीने रडं काढलं, मोठ्या ईशानने फोन ओढला आणि आपलं बोलणं तिथेच तुटलं. म्हणून हे कागदावर लिहून फोटो पाठवतोय. माझं अक्षर लागत नाही म्हणू नकोस. एकतीस वर्षं प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर लेबलं याच अक्षरात लिहिली, आणि कुणी चुकीची बाटली उचलली नाही.

उत्तर आधी देतो: तोडू नका. निदान आत्ता, फुलं आलेली असताना तर नाहीच.

हे झाड मी तुझ्याआधीपासून ओळखतो, पण पाहिलं मात्र गेल्या वर्षी. मी कॉलेजात लागलो तेव्हा वनस्पतिशास्त्राच्या कपाटात एक रुंद तोंडाची बरणी होती. तिच्यात पांढऱ्या, हलक्या कांड्या होत्या, बोटभर लांबीच्या. लेबल होतं 'एल्डर पिथ'. पोरांना पानाचा आडवा छेद घ्यायचा असला की पान इतकं लिबलिबीत की वस्तऱ्याखाली धरता येत नाही. मग ही कांडी मधोमध चिरायची, चिरेत पान सरकवायचं आणि दोन्ही मिळून कापायचं. पातळ, सरळ छेद मिळायचा. बाशिंगाला लावतात ते भेंड तू पाहिलंयस ना, तसाच स्पर्श. ती बरणी संपली, नवी आली नाही आणि आम्ही बटाटा आणि गाजरावर आलो. तरी ते नाव डोक्यात राहिलं. एल्डर म्हणजे कुठलं झाड, ते उभं कसं दिसतं, याचा मी कधी विचार केला नाही. माझ्या लेखी ती बरणीतली वस्तू होती.

गेल्या ऑगस्टात तुझ्याकडे इंग्लंडात लीड्सला आलो, तेव्हा मागच्या कुंपणाला टेकून ते झुडूप उभं होतं. काळ्या-जांभळ्या बारीक फळांचे घोस खाली लोंबत होते. तुमच्या दोरीवरच्या पांढऱ्या चादरीवर पक्ष्यांनी जांभळे ठिपके काढले आणि तू वैतागलीस, ते आठवतंय? मी एक वाळकी काडी मोडली. आत पांढराशुभ्र गाभा. मी तिथेच थांबलो. तुला हाक मारली होती, पण तू ऑफिसच्या कॉलवर होतीस. मग आईला दाखवलं. ती म्हणाली, "थर्मोकोल आहे." एका अर्थी बरोबरच आहे.

आता तुझ्या फोटोतल्या फुलांबद्दल. फोटोवरून ते एल्डरच आहे, पण तोंडात घालायची वस्तू फोटोवरून ठरवायची नाही. खाली उतर आणि स्वतः बघ. झाडाला खरं लाकूड हवं, जुन्या खोडाची साल भेगाळलेली आणि बुचासारखी. पानं समोरासमोर जोडीने, आणि एकेक पान म्हणजे पाच किंवा सात पर्णिका, कडेला करवतीचे दाते. पान चुरगाळलं तर वास वाईट येतो, फुलांचा मात्र गोड. फुलोरा सपाट थाळीसारखा, तळहाताएवढा किंवा त्याहून मोठा, साईच्या रंगाचा. तुमच्याकडे ओढ्याकाठी, रस्त्याकडेला कोथिंबिरीच्या फुलोऱ्यासारख्या पांढऱ्या छत्र्या वाढतात. त्यांतलं हेमलॉक जीव घेणारं आहे. पण ते लाकडाचं झाड नव्हे, मऊ दांड्याचं रोप आहे, आणि त्याची पानं कोथिंबीर-गाजरासारखी कातरलेली. एल्डरचाच एक बुटका भाऊबंदही आहे. तो दर वर्षी जमिनीतून नव्याने उगवतो आणि त्याची फळं खाली न लोंबता वर ताठ उभी राहतात. तो खायचा नाही. लाकूड नसेल तर हात लावू नकोस, एवढी एक खूण धरून ठेवलीस तरी बरंचसं काम होईल.

आता जे सांगतो ते दोनदा वाच.

या झाडाचं पान, देठ, साल, मूळ, कच्चं फळ आणि पिकलेल्या फळातली बी, या सगळ्यांत एक पदार्थ असतो, सॅम्ब्युनायग्रिन. झाडात तो गुपचूप असतो. पेशी चिरडल्या की शेजारचं विकर, म्हणजे एन्झाइम, त्याला गाठतं आणि त्यातून थोडं सायनाइड सुटतं. कडू बदामात हाच प्रकार. हे वाचून घाबरू नकोस, कारण या घराण्याचं विष आपण पिढ्यान् पिढ्या जेवतोय. पावसाळ्यात वास्ते आणतो, बांबूचे कोंब, ते आजी कसे करायची? बारीक चिरून, पाण्यात ठेवून, उकडून, पाणी फेकून. तिला त्या पाण्यात काय आहे ते माहीत नव्हतं. ते पाणी ठेवायचं नाही हे माहीत होतं. एल्डरच्या फळाला तेच करायचं: शिजवायचं. सुटलेलं ते सायनाइडचं आम्ल सुमारे २६ अंशांनाच उकळतं, म्हणून पातेल्यावर झाकण ठेवायचं नाही आणि वरचा पंखा चालू ठेवायचा.

न केल्यास काय होतं, तेही सांगतो. १९८३ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे काउंटीत आडरानात एक मंडळी जमली होती. त्यांनी तिथल्या रानटी एल्डरची फळं तोडली आणि पानाफांद्यांसकट यंत्रात पिळली. त्यात सफरचंदाचा रस, पाणी, साखर घालून रात्रभर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी ते प्यायले. थोड्याच वेळात ओकाऱ्या, पोटात कळा, चक्कर, हातापायांना मुंग्या. आठ जणांना हेलिकॉप्टरने रुग्णालयात न्यावं लागलं. सगळे बरे झाले. रानातलं ताजं, नैसर्गिक, हाताने पिळलेलं असं म्हणत तो पेला किती कौतुकाने पुढे केला असेल, हे डोळ्यांसमोर येतं. 'नैसर्गिक' या शब्दाने माझा कान नेहमीच टवकारतो, तुला माहीत आहे.

तू म्हणशील, बाबा लेक्चर देतायत. मग आपल्याच घरची गोष्ट ऐक. ती आईला विचारून लिहितोय. आधी ती नको म्हणाली, मग हसली. तू पहिलीत असशील. मावशीच्या सासरची माणसं जेवायला आली होती, जूनचा पहिला आठवडा, आणि आईला सोडे घालून शेवळं करायची हौस. शेवळाला काकडं लागतात, ती आंबट हिरवी फळं, त्याशिवाय घसा खवखवतो. प्लाझाजवळच्या बाईकडे त्या दिवशी काकडं मोजकीच उरली होती. आई म्हणाली, चिंच घालून भागवते. भागलं नाही. पहिल्या दोन घासांनंतर सगळी माणसं एकदम अबोल झाली. कुणी पाणी मागितलं, कुणी ताक. मावशीचे सासरे मात्र, थोर माणूस, डोळ्यांत पाणी आणून "छान झालीय" म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी मी कच्च्या शेवळाचा तुकडा कॉलेजात नेला आणि काचपट्टीवर ठेवून पाहिला. सुयांच्या जुड्याच्या जुड्या! कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक, दोन्ही टोकांना अणकुचीदार. त्या घशात रुततात. आईला नेऊन दाखवलं असतं, पण त्या आठवड्यात तो विषय काढायची माझी छाती नव्हती.

शेवळाच्या सुया वेगळ्या आणि एल्डरचं विष वेगळं, पण स्वयंपाकघरातला धडा सारखाच. वस्तू चांगली की वाईट असं विचारायचं नसतं. कुठला भाग, कुठल्या दिवसांत, कशाबरोबर आणि किती शिजवून, हे विचारायचं. शेवळं विकणाऱ्या बाया पालघर-कर्जतकडून पहाटेच्या गाडीने येतात. शेवळांच्या ढिगाशेजारी काकडांचा वाटा मांडलेलाच असतो. गिऱ्हाईकाने मागायच्या आधीच त्या विचारतात, "काकडं घेतली का?" तुमच्या एल्डरला असं विचारणारं कुणी तुझ्या दाराशी येणार नाही, म्हणून ते काम मी करतोय.

तेव्हा आधी फुलं. तुमच्या उत्तरेकडे ती जूनभर असतात, म्हणजे तुझ्या हातात दोन-तीन आठवडे आहेत. पाऊस नसलेल्या दिवशी, सकाळचं दव वाळल्यावर तोडायची. निम्म्याहून जास्त कळ्या उमललेल्या आणि एकही पाकळी तपकिरी न पडलेली, असे फुलोरे घे. वास घेऊन बघ. ताज्या फुलांना मध-द्राक्षांसारखा वास येतो, शिळ्या फुलांना मांजराच्या मुताचा. हे मी चेष्टेने लिहीत नाहीये, सरबतालाही तोच वास लागतो. फुलं धुवायची नाहीत, कारण स्वाद परागांत आहे. पांढऱ्या कागदावर हलकेच झटक, किडे आपोआप उतरतात. रस्त्याकडेच्या झाडाची घेऊ नकोस, आपलं मागचंच बरं.

सरबताचं माप असं: पंचवीस फुलोरे, दीड लिटर पाणी, एक किलो साखर, तुमच्याकडची मोठी पिवळी लिंबं चार आणि लिंबूसत्त्व पन्नास ग्रॅम. लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक ॲसिड, तुमच्याकडे दुकानात नाही मिळालं तर घरी वाइन करणाऱ्यांच्या सामानात मिळेल. कात्रीने फुलं देठांवरून उतरव. केसासारखे बारीक देठ राहिले तरी चालतील, जाड हिरवे दांडे नकोत. लिंबांची वरची पिवळी साल किस, मग चकत्या कर. पाणी-साखर उकळून पाक करायचा नाही, नुसती साखर विरघळेपर्यंत तापव आणि गॅस बंद करून त्यात फुलं, साल, चकत्या, लिंबूसत्त्व घाल. स्वच्छ फडकं झाकून चोवीस तास ठेव. मग पंचातून गाळ. पंचा नसेल तर ईशानचं जुनं मलमलचं लंगोट उकळून घे, आईने इथून नेलेली दोन डझन तुझ्याकडे पडलीच असतील. फ्रीजमध्ये तीन-चार आठवडे टिकेल. जास्त टिकवायचं तर प्लॅस्टिकच्या बाटलीत वर चार बोटं जागा सोडून फ्रीझरला टाक. पिताना एक भाग सरबत, पाच-सहा भाग गार पाणी. आई विचारतेय, त्यात चिमूटभर मीठ आणि वेलची का नाही? मीठ घालून बघ, कोकम सरबतासारखं उठाव देईल. वेलची मात्र नको, फुलाचा वास मारेल. यावर आमचं इथे एकमत झालेलं नाही.

झाकण घट्ट लावून ओट्यावर विसरू नकोस. फुलांवर यीस्ट असतंच, साखर मिळाली की ते कामाला लागतं. लोक मुद्दाम तसं आंबवून फेसाळ पेय करतात आणि मग रात्री कपाटात बाटल्या फुटतात.

उरलेल्या फुलोऱ्यांची भजी कर. जर्मनीकडे हा प्रकार घरोघरी चालतो, अंड्याचं पातळ पीठ आणि वर साखर. फुलोरा देठाला धरून पिठात बुडवायचा आणि उलटा तेलात सोडायचा, छत्रीसारखा उघडतो. खाताना देठ हातात राहायला हवा, पोटात जायला नको. आपल्या मायाळूच्या भज्यांसारखं बेसन घेऊ नकोस. बेसनाचा वास फुलाला खाऊन टाकतो. तांदळाचं पीठ आणि थोडा मैदा. हे आईचं मत, आणि ते मला मान्य.

आता फळं. सगळी फुलं तोडलीस तर फळं कुठून येणार, म्हणून वरच्या फांद्यांना हात लावू नकोस. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, घोस खाली वळले, देठ लालसर झाले आणि प्रत्येक मणी काळा झाला की तोड. हिरवा-लाल मणी दिसला तर तो काढ. काट्याने, म्हणजे जेवायच्या काट्याने, घोस विंचरायचा, मणी टपाटप पडतात. पाण्यात टाकल्यावर कच्ची-वाळकी बरीचशी वर तरंगतात, ती काढून टाक. थोडं पाणी घालून झाकण न ठेवता अर्धा तास मंद शिजव, डावाने दाब आणि बारीक गाळणीतून रस घे. बिया टाकून द्यायच्या. अर्ध्या लिटर रसाला साखर पाऊण पाव, म्हणजे दोनशे ग्रॅमच्या आसपास, घातलीस तर आंबट राहील आणि टिकणार नाही. साडेतीनशे-चारशे ग्रॅम घाल. चार लवंगा, दालचिनीचा तुकडा, आल्याच्या चकत्या, पुन्हा दहा मिनिटं उकळी, आणि गरम असतानाच उकळलेल्या बाटलीत भर. पांढरा कुर्ता घालून हे करू नकोस. जांभळाचा डाग तुला माहीत आहे, हा त्याचा मोठा भाऊ. १८ व्या शतकात पोर्तुगालमध्ये पोर्ट वाइनला गडद रंग यावा म्हणून व्यापारी हीच फळं त्यात घालत. भेसळ इतकी वाढली की सरकारने दुओरो खोऱ्यातली एल्डरची झाडंच उपटून टाकायचा हुकूम काढला. भेसळ माणसं करतात आणि कुऱ्हाड झाडावर पडते. केदाररावांना हे वाचून दाखव.

औषध म्हणून विचारलंस, तर माझं मत थोडं कोरडं आहे. युरोपात फुलांचा गरम काढा सर्दीच्या सुरुवातीला घाम येण्यासाठी पितात, पिढ्यान् पिढ्या. आपण गवती चहा, आलं, तुळस घेतो त्यातलाच प्रकार. वाळलेली फुलं दोन चमचे, वर उकळतं पाणी, दहा मिनिटं. घशाला बरं वाटतं आणि अंथरुणात पडून राहायला निमित्त मिळतं, दोन्ही उपयोगी आहेत. फळांच्या अर्काचं मात्र दुकानदार जेवढं सांगतात तेवढं पक्कं नाही. नॉर्वेत साठ फ्लूच्या रुग्णांवर प्रयोग झाला, २००४ साली छापून आला. अर्क घेतलेल्यांना सरासरी चार दिवस आधी आराम पडला. मग अमेरिकेत सत्त्याऐंशी रुग्णांवर झालेला प्रयोग २०२० साली आला. त्यात अर्क आणि नुसतं सोंगाचं औषध यांत काही फरक दिसला नाही. साठ काय आणि सत्त्याऐंशी काय, दोन्ही आकडे एका वर्गातल्या पोरांएवढे. तेव्हा चवीसाठी घे, ऊब म्हणून घे, पण ताप तीन दिवस उतरला नाही किंवा दम लागला तर बाटली बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा. ईशानला पाण्यात मिसळून चमचाभर शिजवलेलं सरबत चालेल. धाकटीला यातलं काहीही नको. आणि आईने सुचवलं तरी तिला मध चाटवायचा नाही, वर्ष पुरं होईपर्यंत अजिबात नाही. आजीने तुम्हाला चाटवला होता हे खरं, आणि तुम्ही वाचलात हेही खरं. दर वेळी वाचायला होईलच असं नाही.

घरगुती औषधांना मी नावं ठेवतो असं आईचं म्हणणं. तसं नाही. जुन्या बिल्डिंगच्या मागे नळाजवळ आपला अडुळसा होता, त्याची पानं तव्यावर गरम करून रस काढून किती हिवाळे निघाले. खोकल्याच्या बाटलीवर ब्रोमहेक्झिन लिहिलेलं असतं ना, ते अडुळशातल्या व्हॅसिसिनवरून बेतलेलं औषध आहे. पण तोच अडुळसा गरोदर बाईला द्यायचा नाही, हेही आजीच सांगायची. काय द्यावं आणि काय देऊ नये, दोन्ही ठाऊक असणाऱ्या बाईचं औषध मी डोळे मिटून घेईन.

तो अडुळसा, शेवगा आणि पारिजातक रिडेव्हलपमेंटमध्ये गेले. बिल्डरचा माणूस म्हणाला होता, पोडियमवर गार्डन देणार आहोत. दिलंय, प्लॅस्टिकच्या गवताचं. आता सातव्या मजल्याच्या ग्रिलमध्ये तेलाच्या डब्यात मी अडुळशाची फांदी लावलीय. दीड फुटावर अडून बसलीय. शेजारी ओव्याची पानं मात्र माजलीत, कुणालाही विचार.

केदाररावांची अडचण मला कळते. ते झुडूप शेजाऱ्याच्या हद्दीत झुकलंय आणि खिडकी अंधारतेय. पण आत्ता छाटलंत तर यंदाची फळं गेली. आणि मुळासकट काढलं नाही तर बुंध्यातून ते पुन्हा फुटणारच, एल्डर तसा चिवट. शहाणपणाचं म्हणजे हिवाळ्यात, जानेवारी-फेब्रुवारीत पानं नसताना, सगळ्यात जुन्या जाड फांद्यांपैकी तिसरा हिस्सा जमिनीलगत कापायचा. गेल्या वर्षीच्या कोवळ्या फांद्या राखायच्या, बहर त्यांच्यावरच येतो. दर वर्षी तिसरा हिस्सा काढलात की झाड आटोपशीर राहील आणि तीन वर्षांत सगळं नवं होईल. दुसरं झाड हवं असेल तर त्याच कापलेल्यांपैकी पेन्सिलएवढ्या जाडीची, वीतभर काडी घे आणि दोन तृतीयांश मातीत खोच. एवढंच. कुंडीपेक्षा जमीन बरी, ओल टिकणारी आणि खतावलेली.

डेन्मार्कमध्ये म्हणे या झाडात एक म्हातारी आई राहते, फांदी तोडण्याआधी तिची परवानगी मागतात. माझी आई दिवेलागणीनंतर तुळशीला हात लावू द्यायची नाही, झोपलेली असते म्हणून. मला वाटतं या दोघी बायकांनी एकमेकींना बरं ओळखलं असतं. तू परवानगी मागितलीस तर शेजारी काय म्हणतील ते म्हणोत, निदान केदारराव कापण्याआधी दोन मिनिटं थांबतील.

डिसेंबरात येताना माझ्यासाठी काडी आणते म्हणालीस. आणू नकोस. बाहेरून झाडाची काडी आणायला आधी परवाना आणि तिकडचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, आणि विमानतळावर मी तुला सोडवायला यायचो नाही. शिवाय तिला थंडी लागते. मुंबईची थंडी म्हणजे आई दोन दिवस स्वेटर बाहेर काढते आणि तिसऱ्या दिवशी परत ठेवते. आपल्याकडे काश्मीर-हिमाचलात तिची एक बहीण रानात माजते, तीही दादरला उतरायला तयार नाही.

त्यापेक्षा एक काम कर. हिवाळ्यात छाटणी कराल तेव्हा एक जाड काडी आडोशाला वाळत ठेव. चिरून आतला गाभा काढ, मटारच्या दाण्याएवढी गोळी कापून रेशमाच्या धाग्याला बांध आणि दाराच्या कडीला टांग. ईशानला प्लॅस्टिकचा कंगवा कोरड्या केसांवर घासायला सांग आणि गोळीजवळ न्यायला लाव. गोळी आधी कंगव्याकडे धावेल, चिकटेल, आणि मग एकदम दूर पळेल. पुन्हा जवळ नेलं तरी पळेल. का, ते त्याला लगेच सांगू नकोस. तो मला फोन करेल.

फक्त पोकळ काडीची पिपाणी करून देऊ नकोस, इथे पपईच्या देठाची करून दिली होती तशी. अशा काडीच्या पिपाण्या आणि फुंकण्या तोंडात धरून तिकडे मुलं आजारी पडलेली आहेत. ईशानने ती मागितलीच, तर पपई आजोबांकडे आहे असं सांग.

आईने शेवळं फ्रीझरमध्ये टाकलीत तुझ्यासाठी, काकडं वेगळ्या पिशवीत. या वेळी मोजून घेतलीत.

तुझे,
बाबा